मलेरियाच्या जुन्या सल्फायुक्त गोळीनंतर अंगावर पुरळ आले तर काय करावे

सल्फाडॉक्सिन आणि पायरिमेथामाइन या दोन औषधांची मिळून केलेली गोळी मलेरियावर गेली अनेक दशके वापरली जात आहे. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम सल्फाडॉक्सिन आणि २५ मिलिग्रॅम पायरिमेथामाइन असते, आणि प्रौढ रुग्णाला उपचार म्हणून अशा तीन गोळ्या एकाच वेळी देतात. गोळ्या घेतल्या, ताप उतरला, की घरातले सगळे ते औषध विसरून जातात. शरीर मात्र ते विसरत नाही. सल्फाडॉक्सिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी सात दिवस लागतात, काही जणांत नऊ दिवसांहूनही अधिक. म्हणजे तीन आठवड्यांनंतरही घेतलेल्या औषधाचा साधारण आठवा हिस्सा शरीरात फिरत असतो. या औषधामुळे त्वचेवर येणारी गंभीर प्रतिक्रिया बहुधा चौथ्या दिवसापासून चौथ्या आठवड्यापर्यंत केव्हाही सुरू होते. त्या वेळी रुग्ण कोणतेही औषध घेत नसतो, आणि म्हणूनच «सध्या कोणते औषध चालू आहे?» या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे «काहीच नाही» असे उत्तर देतो. निदान चुकण्याची सुरुवात इथेच होते.

पुढील मजकूर ही गोळी घेणाऱ्या व्यक्तीसाठी, तिची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आणि गोळी हातात देणाऱ्या आरोग्यसेवकांसाठी आहे. तो डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही; मात्र डॉक्टरांपर्यंत योग्य वेळी आणि योग्य माहितीसह पोहोचण्यास त्याची मदत व्हावी.

धोका किती आणि कोणाला

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला क्लोरोक्विन या मलेरियावरील जुन्या औषधाला न जुमानणारा मलेरिया आफ्रिकेत पसरू लागला, तेव्हा तिकडे जाणाऱ्या अमेरिकी प्रवाशांना प्रतिबंधासाठी ही गोळी दर आठवड्याला घेण्याचा सल्ला दिला जात होता. फॅन्सिडार या नावाने ती तेव्हा प्रसिद्ध होती. १९८२ ते १९८५ या काळात या प्रवाशांमध्ये त्वचेच्या गंभीर प्रतिक्रियांचे २४ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी ७ जण दगावले. दर ५,००० ते ८,००० वापरकर्त्यांमागे एकाला गंभीर प्रतिक्रिया आणि दर ११,००० ते २५,००० वापरकर्त्यांमागे एक मृत्यू, असा हिशेब त्या वेळी मांडला गेला. निरोगी माणसाने केवळ खबरदारी म्हणून घ्यायच्या औषधासाठी ही किंमत फार मोठी होती, आणि १९८५ मध्ये तो सल्ला बदलण्यात आला.

हे आकडे वाचून कोणी घाबरून आवश्यक औषध नाकारू नये. ते दर आठवड्याला, लागोपाठ घेतलेल्या मात्रांचे आहेत. एका वेळच्या उपचारमात्रेनंतर किंवा महिन्यापेक्षा अधिक अंतराने दिलेल्या मात्रांनंतर अशी प्रतिक्रिया त्याहून बरीच विरळ आढळते. आफ्रिकेतील ज्या भागांत मलेरियाचा प्रादुर्भाव मोठा आहे, तेथे गर्भवती स्त्रियांना दुसऱ्या तिमाहीपासून, किमान एक महिन्याच्या अंतराने ही गोळी देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते, आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यातील लहान मुलांना पावसाळ्यात अमोडायाक्विन या दुसऱ्या मलेरियाविरोधी औषधाबरोबर ती दिली जाते. गर्भारपणातील मलेरियाने आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते, हे लक्षात घेतले तर ही शिफारस योग्यच आहे, असे मला वाटते. प्रश्न औषध बंद करण्याचा नाही. ते कोणाला देऊ नये हे आधी ओळखण्याचा आहे.

गोळी तोंडात जाण्यापूर्वी

सर्वांत अधिक श्रम या टप्प्यावर घ्यावेत, आणि त्यामागे कारण आहे. इतर अनेक औषधांमुळे अशी प्रतिक्रिया येते तेव्हा औषध लवकर थांबवले तर रुग्ण वाचण्याची शक्यता वाढते. परंतु शरीरात दीर्घकाळ राहणाऱ्या औषधांच्या बाबतीत हा लाभ दिसून आलेला नाही. एकदा गिळलेले सल्फाडॉक्सिन परत बोलावता येत नाही.

«तुम्हाला कशाची ॲलर्जी आहे का?» हा प्रश्न पुरेसा नाही. बहुतेक लोक त्याला «नाही» म्हणतात, कारण ॲलर्जी म्हणजे शिंका किंवा अंगावर उठणारे पित्त असा त्यांचा समज असतो. त्याऐवजी असे विचारावे: कोणत्याही गोळीनंतर कधी तोंड आले होते का? डोळे लाल होऊन चिकटले होते का? कातडी सोलली होती का? एकाच जागी पुन्हा पुन्हा काळा डाग उठतो का? लघवीच्या संसर्गासाठी, जुलाबासाठी किंवा फुप्फुसाच्या आजारासाठी घेतलेली एखादी गोळी डॉक्टरांनी मध्येच थांबवायला लावली होती का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर गोळी न देता आधी डॉक्टरांना कळवावे.

सल्फा गटातील प्रतिजैविक औषधांपैकी को-ट्रायमोक्साझोल सर्वांत अधिक वापरले जाते. ते अनेक ठिकाणी सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिम या नावांनी ओळखले जाते. सल्फाडायझिन आणि आतड्याच्या सुजेवर किंवा संधिवातावर दिले जाणारे सल्फासालाझिन हीही याच कुळातली औषधे आहेत. यांपैकी कोणत्याही औषधाने पूर्वी गंभीर त्रास झाला असेल तर सल्फाडॉक्सिन वर्ज्य समजावे. डॅप्सोन हे औषध रचनेने थोडे वेगळे असले तरी सल्फाचा त्रास झालेल्या माणसाला तेही फार जपूनच द्यावे लागते. याउलट, गंधक, सल्फेट किंवा खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी वापरले जाणारे सल्फाइट यांचा या प्रतिक्रियेशी संबंध नाही. नावातल्या साधर्म्यामुळे हा गोंधळ फार होतो आणि लोक विनाकारण अनेक गोष्टी टाळत राहतात.

एचआयव्हीबाधित व्यक्तींमध्ये सल्फा औषधांमुळे त्वचेच्या प्रतिक्रिया येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक असते. त्यांपैकी अनेकांना अन्य संसर्ग टाळण्यासाठी को-ट्रायमोक्साझोल रोज चालू असते. अशा व्यक्तीला, ती गर्भवती असली तरी, वरून सल्फाडॉक्सिनची गोळी देऊ नये. दोन सल्फा एकत्र आल्याने धोका वाढतो. दोन महिन्यांखालील बालकांनाही ही गोळी देत नाहीत.

गोळी घेतली की तिचे नाव आणि तारीख कागदावर लिहून ठेवावी आणि रिकामी पट्टी किमान सहा आठवडे जपून ठेवावी. ही सूचना फार किरकोळ वाटते. पण पंधरा दिवसांनी बेशुद्धीच्या काठावर असलेल्या रुग्णाच्या वतीने कोणी बोलू शकत असेल, तर ती पट्टीच.

प्रतिक्रिया ओळखावी कशी

ज्या प्रतिक्रियेची भीती बाळगावी तिची दोन नावे आहेत. १९२२ मध्ये स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी न्यूयॉर्कमधील दोन मुलांमध्ये ताप, डोळ्यांचा तीव्र दाह, तोंडातील व्रण आणि अंगावरचे पुरळ एकत्र पाहिले. त्यावरून स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हे नाव पडले. १९५६ मध्ये ॲलन लायल यांनी भाजल्यासारखी कातडी सुटून येणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस म्हणतात. आज हे दोन्ही एकाच आजाराचे सौम्य आणि तीव्र टोक मानले जातात. शरीराच्या एकूण पृष्ठभागापैकी दहा टक्क्यांपेक्षा कमी कातडी सुटली असेल तर पहिले नाव, तीस टक्क्यांपेक्षा अधिक सुटली असेल तर दुसरे, आणि मधल्या अवस्थेत दोन्हींचा संकर. बोटांसकट रुग्णाचा स्वतःचा तळहात म्हणजे सुमारे एक टक्का, या मापाने घरीही अंदाज येतो.

आत घडते ते असे: औषधामुळे चेतवल्या गेलेल्या संरक्षक पेशी स्वतःच्याच त्वचेच्या वरच्या थरावर हल्ला करतात, ग्रॅन्युलायसिनसारखी मारक प्रथिने सोडतात आणि त्वचेच्या पेशी झपाट्याने मरू लागतात. वरचा थर मेला की तो खालच्या थरापासून सुटतो. त्यामुळे ही त्वचा खाजण्यापेक्षा दुखते, आणि घरच्या घरी ओळखण्यासाठी याहून चांगली खूण नाही. साध्या पित्ताच्या गांधी खाजतात, फिकट गुलाबी असतात, काही तासांत जागा बदलतात आणि मागे डाग ठेवत नाहीत. क्लोरोक्विन घेतल्यावर काही जणांना पुरळाशिवायच असह्य खाज सुटते. ती त्रासदायक असली तरी जीवघेणी नाही. इथे मात्र कपड्याचा स्पर्शही नकोसा होतो.

पुरळ येण्याच्या एक ते तीन दिवस आधी ताप, घसादुखी, अंगदुखी, डोळ्यांत चुरचुर आणि गिळताना वेदना अशी लक्षणे दिसतात. नंतर छातीवर, चेहऱ्यावर आणि पाठीवर लालसर किंवा जांभळट सपाट डाग उठतात. त्यांचा मध्यभाग गडद, राखाडी असतो. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तेथे डाग काळपट किंवा करडे वाटतात, म्हणून रंगावर विसंबू नये. पुढे डाग एकमेकांत मिसळतात, त्यांवर सैल, लिबलिबीत फोड येतात आणि कातडी ओल्या कागदासारखी सुरकुतून निघू लागते. बहुसंख्य रुग्णांत तोंड, डोळे आणि जननेंद्रिये यांपैकी किमान एका ठिकाणी व्रण असतात, आणि अनेकदा दोन किंवा तिन्ही ठिकाणी. ओठांवर रक्ताळलेल्या खपल्या धरतात आणि लघवी करताना आग होते. डॉक्टर त्वचेवर हलकेच बोट दाबून सरकवतात आणि वरचा थर सुटतो का ते पाहतात. ही चाचणी घरी करू नये, कारण तिच्यामुळे नवी जखम होते.

आता सर्वांत घातक चूक. गोळी घेऊन दहा दिवस झाल्यावर ताप पुन्हा येतो, आणि घरातल्यांना वाटते की मलेरिया उलटला. मग तीच गोळी पुन्हा दिली जाते. घसा दुखतो म्हणून कोणी प्रतिजैविक सुरू करते, आणि कधी ते को-ट्रायमोक्साझोलच असते. लहान मुलांत ताप, लाल डोळे आणि पुरळ पाहून गोवर समजला जातो. म्हणून नियम असा ठेवावा: ही गोळी घेतल्यापासून चार आठवड्यांच्या आत ताप आला, तर रक्ततपासणी झाल्याशिवाय मलेरियाचे दुसरे औषध घेऊ नये, आणि तापासोबत डोळे, तोंड किंवा त्वचा यांपैकी काहीही दुखत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मलेरिया खरोखर परतला असेल तर सल्फाविरहित औषधे उपलब्ध आहेत. आर्टेमेथर आणि ल्युमेफॅन्ट्रिन यांची जोडगोळी हे त्यांपैकी एक.

पहिले चोवीस तास

ज्यांच्याविना चालू शकते अशी सर्व औषधे थांबवावीत, आणि सल्फा गटातील प्रत्येक औषध तर निश्चितच. मधुमेह, फेफरे, हृदयविकार किंवा एचआयव्ही यांची नियमित औषधे स्वतःच्या मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखवावीत. गेल्या आठ आठवड्यांत घेतलेल्या प्रत्येक औषधाची तारीखवार यादी करावी; तिच्यात दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्या, जडीबुटी आणि इंजेक्शनेही यावीत. पुरळाची छायाचित्रे दर काही तासांनी काढावीत, कारण किती वेळात किती पसरले हे पाहून डॉक्टरांना आजाराचा वेग कळतो.

रुग्णाला थेट अशा रुग्णालयात न्यावे जेथे अतिदक्षता विभाग किंवा भाजलेल्या रुग्णांचा कक्ष असेल आणि त्वचारोग व नेत्र यांचे तज्ज्ञ बोलावता येत असतील. छोट्या दवाखान्यात एक इंजेक्शन घेऊन घरी परतण्यात जे दोन दिवस जातात, त्या दोन दिवसांत दहा टक्क्यांचे चाळीस टक्के होऊ शकतात.

नेताना स्वच्छ, मऊ सुती चादरीत सैलसर गुंडाळावे आणि ऊब टिकेल असे पाहावे, कारण कातडी गमावलेले शरीर झपाट्याने थंड पडते. फोड फोडू नयेत. सुटलेली कातडी ओढून काढू नये; ती जागेवर राहिली तर नैसर्गिक पट्टीचे काम करते. चिकटपट्टी कोठेही लावू नये. हळद, तेल, पावडर, टूथपेस्ट किंवा कोणतेही मलम लावू नये. गिळता येत असेल तर घोट घोट पाणी द्यावे.

एक गोष्ट नातेवाइकांनी स्वतः विचारून घ्यावी. भाजलेल्या जखमांवर सर्वत्र वापरले जाणारे पांढरे मलम म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन. तेही सल्फाच आहे. भाजलेल्यांच्या कक्षात ते हाताशी असते आणि सवयीने लावले जाऊ शकते. «रुग्णाला सल्फामुळे हा त्रास झाला आहे, हे मलम त्या गटातले तर नाही ना?» असे विचारण्यात संकोच बाळगू नये. शक्य झाल्यास «सल्फा नको» ही सूचना रुग्णाच्या कागदांच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावी.

रुग्णालयात काय होते

उपचाराचा कणा म्हणजे शुश्रूषा. शिरेतून द्रव दिला जातो, मात्र भाजलेल्या रुग्णापेक्षा कमी प्रमाणात. खोली उबदार ठेवली जाते. जखमांवर न चिकटणाऱ्या पट्ट्या घातल्या जातात. नाकातून नळी घालून पोषण दिले जाते आणि वेदनाशामके पुरेशी दिली जातात. प्रतिजैविके केवळ संसर्गाची चिन्हे दिसल्यावर देतात. अशा रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग हे आहे, आणि म्हणून भेटायला येणाऱ्यांची संख्या कमी ठेवणे व प्रत्येकाने हात धुणे यांना उपचाराइतकेच महत्त्व आहे. संरक्षक पेशींचा हल्ला आवरण्यासाठी स्टिरॉइड, सायक्लोस्पोरिन, इम्युनोग्लोब्युलिन आणि इटानरसेप्ट या औषधांचा वापर होतो. त्यांपैकी कोणते श्रेष्ठ यावर तज्ज्ञांचे एकमत नाही, तेव्हा एकाच औषधाचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

गांभीर्य मोजण्यासाठी डॉक्टर सात गोष्टी पाहतात: वय चाळीसहून अधिक आहे का, कर्करोग आहे का, नाडी मिनिटाला १२० हून अधिक आहे का, सुरुवातीलाच दहा टक्क्यांहून अधिक कातडी सुटली आहे का, आणि रक्तातील युरिया, साखर व बायकार्बोनेट यांची पातळी काय आहे. सौम्य टोकाला मृत्यूचे प्रमाण साधारण पाच ते दहा टक्के, तर तीव्र टोकाला सुमारे तीस टक्के असते. जे वाचतात त्यांची त्वचा बहुधा एक ते तीन आठवड्यांत भरून येते.

डोळ्यांकडे पहिल्या दिवसापासून लक्ष हवे. त्वचा व्रण न ठेवता भरते, डोळे मात्र तसे भरत नाहीत. पापणीचा आतला पडदा आणि डोळ्याचा पांढरा भाग एकमेकांना चिकटू लागतात, अश्रू आटतात, पापण्यांचे केस आत वळून बुबुळ खरडू लागतात आणि जीव वाचलेला माणूस दृष्टी गमावून बसतो. नेत्रतज्ज्ञांनी पहिल्या चोवीस तासांत तपासावे आणि नंतर रोज पाहावे. टिकवणारे रसायन (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले अश्रूथेंब दर एक-दोन तासांनी घालावेत. तीव्र दाह असेल तर गर्भवेष्टनाचा (गर्भातील बाळाभोवतीच्या पिशवीचा) पातळ पडदा डोळ्यावर बसवण्याचा उपाय सुरुवातीच्या दिवसांतच अधिक उपयोगी पडतो. रुग्ण अत्यवस्थ असताना «डोळे नंतर पाहू» असे ऐकायला मिळते. ते मान्य करू नये.

जननेंद्रियांच्या जखमांबद्दल लाजेने कोणी बोलत नाही, विशेषतः स्त्रिया आणि मुली. तेथेही चिकटण्याची प्रक्रिया होते आणि पुढे लघवीला, मासिक पाळीला व वैवाहिक जीवनाला कायमचा त्रास राहू शकतो. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून पहिल्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी आणि तशी मागणी घरच्यांनी स्वतःहून करावी.

प्रत्येक पुरळ म्हणजे हाच आजार नव्हे

गोळी घेतल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनी ताप, चेहऱ्यावर सूज, मानेत गाठी आणि सर्वांगावर लाल पुरळ आले, तर ड्रेस नावाची दुसरी प्रतिक्रिया असू शकते. तिच्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी वाढतात आणि यकृताला इजा होते. त्यामुळे पुरळ फार दुखत नसले तरी रक्ताची आणि यकृताची तपासणी करून घ्यावी. अंगावर एकाएकी टाचणीच्या डोक्याएवढ्या, पांढऱ्या पुवाच्या असंख्य पुळ्या उठल्या तर ती तिसरी प्रतिक्रिया. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या दुसऱ्या जुन्या मलेरियाविरोधी औषधाने ती येते. औषध थांबवल्यावर ती बहुधा ओसरते.

बरे झाल्यावर

रुग्णालयातून निघताना औषधाचे मूळ नाव, प्रतिक्रियेचे नाव आणि तारीख लिहिलेले पत्र मागून घ्यावे. «औषधाची ॲलर्जी» एवढेच लिहिलेला कागद निरुपयोगी आहे. त्या पत्राची एक प्रत पाकिटात, एक घरी आणि छायाचित्र दूरध्वनीत ठेवावे. सल्फाडॉक्सिन आणि सल्फा गटातील प्रतिजैविके आयुष्यभर वर्ज्य करावीत; «थोडे देऊन पाहू» असा प्रयोग कोणीही करू नये, कारण दुसऱ्या वेळी प्रतिक्रिया अधिक लवकर आणि अधिक तीव्र येऊ शकते. आईवडील, भावंडे आणि मुले यांनीही कुटुंबातील हा प्रसंग आपापल्या डॉक्टरांना सांगावा.

घटनेची नोंद देशाच्या औषधसुरक्षा केंद्राकडे करण्याची विनंती डॉक्टरांना करावी. अनेक देशांत रुग्ण स्वतःही ती करू शकतो. अशा नोंदी पुढे स्वीडनमधील उप्सला येथील जागतिक संग्रहात जमा होतात. १९८५ मधला बदल विखुरलेल्या अशाच नोंदी एकत्र आल्यामुळे झाला होता.

त्वचेवरचे काळे-पांढरे डाग महिनोन्महिने राहतात, नखे गळून पुन्हा येतात आणि केस विरळ होतात. उन्हापासून त्वचा झाकावी. भीती, झोपमोड आणि कोणतीही गोळी घेताना हात थरथरणे हेही या आजाराचे परिणाम आहेत आणि त्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेता येते. डोळ्यांची तपासणी पहिल्या वर्षी वारंवार आणि पुढे दरवर्षी करावी, डोळे कोरडे वाटत नसले तरीही, कारण चिकटण्याची प्रक्रिया कधी कधी काही महिन्यांनी नव्याने सुरू होते.